खारीतली कोंबडी

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसानं तोंड फक्त खाण्यासाठी उघडावं, हा नियम मी आता कसोशीनं पाळतो. तो डिसेंबरात पाळला असता, तर नानाजी चिंचोळकरांच्या संसारात कालवाकालव झाली नसती आणि आमच्या ले-आऊटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, भजनी मंडळाला चर्चेला नवा विषय मिळाला नसता.

डिसेंबरात आम्ही पुण्याला मेहुणीकडे गेलो होतो. राखी ही माझ्या बायकोची, म्हणजे प्रेरणाची, धाकटी बहीण. जन्म यवतमाळचा, शाळा यवतमाळची, कॉलेजही तिथलंच. पण लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ती यवतमाळबद्दल असं बोलते, की ऐकणाऱ्याला वाटावं बाई कुठल्या तरी जंगलातून जिवानिशी सुटून आल्या. तिनं वर्षअखेरीची पार्टी ठेवली होती आणि त्यात एक पदार्थ मांडला होता. बोटाएवढं सॉसेज, म्हणजे कोंबडीच्या खिम्याची कांडी, आणि तिच्याभोवती खुसखुशीत पापुद्र्यांचं पांघरूण. इंग्रजीत याला पांघरुणातली डुकरं असं काहीसं म्हणतात, पण आम्ही कोंबडीवर भागवतो, अशी माहिती माझे साडू नयनराव यांनी न विचारता पुरवली. राखीनं बशी माझ्यापुढे धरली आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "घ्या ना भाऊजी. तुमच्याकडे हे कुठलं मिळायला!"

मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. लोकांच्या अर्जात त्रुटी काढण्यात माझी हयात गेली. आपल्यात त्रुटी काढलेली मला सहन होत नाही. मी एक तुकडा उचलला, जाणकारासारखा चावला आणि म्हणालो, "छान झालंय. आमच्या घरी नेहमीच होतं हे. प्रेरणाचा हातखंडाच आहे म्हण ना."

प्रेरणाला ठसका लागला. राखीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात सांगितलं, की मार्चमध्ये तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, तेव्हा आम्ही येतो, आणि आम्हाला दुसरं काही नको, फक्त हेच हवं.

यवतमाळात घराचं कुलूप काढल्यावर तिनं माझ्याकडे वळून एवढंच म्हटलं, "बोलले तुम्ही, आता कराही तुम्हीच."

आता आमच्या वैभव ले-आऊटमध्ये एखादी गोष्ट करायची म्हणजे आधी ती सगळ्यांना कळते आणि मग ती कशी करू नये हे सगळे सांगतात. समोरच्या रामीबाईंनी पदार्थाचं वर्णन ऐकून घेतलं आणि ही तर आपली सांबारवडी, असा निकाल दिला. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) पारीत सांबार गुंडाळायचं सोडून कोंबडी गुंडाळायची, ही सांबाराची बेअदबी आहे, असं त्यांचं मत पडलं. माझ्या कार्यालयातल्या बाबूसिंगनं सॉसेज रद्द करून आत मटण घालण्याची सूचना मांडली, वरचं पांघरूणही रद्द करण्याची उपसूचना जोडली, आणि शेवटी नुसतं मटण आणि भाकरी ठेवावी, असा ठरावच मंजूर करून घेतला.

मग दिवसाचा प्रश्न आला. लग्नाचा खरा वाढदिवस गुरुवारी येत होता. गुरुवारी निम्मं ले-आऊट पाळतं. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, शनिवारी मारुती. बुधवारी नयनरावांना रजा नव्हती आणि शुक्रवारी रामीबाईंच्या सुनेचा उपास. एका कोंबडीला आपल्याकडे कापून घ्यायला किती कमी दिवस मिळतात, याचा मी त्याआधी विचार केला नव्हता. रविवार ठरला.

रविवारी एकच माणूस येणार नव्हता, नानाजी. निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात तुळशीची माळ, आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी भजनी मंडळ बसतं. नानाजींचा मांसाहाराला इतका विरोध, की ले-आऊटमध्ये कोणाच्याही घरी कोंबडी शिजली तरी ती त्यांना आपल्या फाटकात उभ्यानं कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या माणसाला गाठून समजावून सांगतात. घर तर ओळखतातच, पण कोंबडी गावरान होती की ब्रॉयलर, हेसुद्धा वासावरून सांगतात. आम्हाला हे त्यांच्या वैराग्याचं तेज वाटायचं.

चेष्टा करतो आहे, पण त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा नानाजी रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या उशाशी बसायचे. वडील बोलू शकत नव्हते. नानाजी दोघांच्या वाटचं बोलायचे. असो.

सॉसेज यवतमाळात मिळत असेलही, पण मी ज्या ज्या दुकानात विचारलं तिथं मला सॉसची बाटली दाखवण्यात आली. शेवटी नागपूरच्या चुलतभावानं ते घेऊन, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, एका खासगी ट्रॅव्हल्सनं पाठवलं. मी खोकं आणायला पार्सल काउंटरवर गेलो. तिथल्या माणसानं माझं आधार कार्ड पाहिलं, खोक्यावरचं नाव पाहिलं, आणि थंडपणे म्हणाला, "कार्डावर वसंत हाये, खोक्यावर वसंतराव. यातला राव कुठं हाये?"

मी त्याला म्हटलं, राव हा मान आहे. तो म्हणाला, मानाचा पुरावा आणा. मी चिडलो नाही. उलट क्षणभर मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली, कारण नेमकं हेच मी माझ्या टेबलापलीकडच्या लोकांना म्हणत आलो आहे. पण आपुलकीनं पार्सल सुटत नाही. चुलतभाऊ कुठल्याशा लग्नात नाचत होता, त्याचा फोन लागेना. वसंत आणि वसंतराव हे दोन्ही आपलेच भाऊ असल्याची त्याची खात्रीपत्रं दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर आली आणि खोकं सुटलं. तोवर ते मार्चच्या उन्हात, पश्चिमेच्या खिडकीखाली बसून होतं. बर्फाचं पाणी आणि पाण्याची वाफ झाली होती.

खोकं उघडल्यावर प्रेरणानं पदर नाकाला लावला. मी तिला समजावलं, की पदार्थ परदेशी म्हटल्यावर वास थोडा परदेशी येणारच. पुड्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि कार्यालयात गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा आमच्या फाटकात कायम झोपणारं काळं कुत्रं चार घरं पलीकडे जाऊन बसलेलं दिसलं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. घरात ओट्यावर झाकलेल्या परातीत सॉसेजच्या कांड्या ओळीनं मांडलेल्या. प्रेरणा म्हणाली, की वाफवून आणि परतून ठेवल्यात, वास गेला. कांड्या जराशा काळपट आणि बुटक्या झाल्या होत्या, पण परतल्यावर सगळंच आक्रसतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्या एखाद्या उपक्रमात आपणहून हात घातला, म्हणून मला भरून आलं. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. तिनं मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं लाजली.

पांघरुणाची काळजी नव्हती. पुण्याचा तो पापुद्र्यांचा प्रकार म्हणजे आपली खारी, हे मी पुण्यातच ओळखलं होतं, आणि जलालभाईंच्या भट्टीसारखी खारी सबंध जिल्ह्यात नाही. आमच्याकडे जुनी रीत आहे. मैदा, तूप, साखर आपण घरून न्यायची, भट्टीवाला आपल्यासमोर माल करून भाजतो आणि आपल्याच डब्यात भरून देतो. दिवाळीला आणि ईदेला त्या भट्टीपुढे डब्यांची रांग लागते. मी कांड्यांची परात, मैदा, तूप आणि एक मोठा स्टीलचा डबा घेऊन रविवारी सकाळीच पोचलो.

जलालभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. चूक माझीच झाली. पदार्थाचं महत्त्व पटवून देण्याच्या भरात मी त्याचं इंग्रजी नाव आणि त्याचा अर्थ सांगून बसलो. जलालभाईंनी परातीपासून दोन पावलं मागं घेतली.

"साहेब, तुम्ही आपले हाये म्हणून आयकून घेतलं," ते म्हणाले. "पन त्या जनावराचं नाव माह्या भट्टीपाशी घेऊ नका."

मी ती कोंबडीच असल्याचं शपथेवर सांगितलं. मग कोंबडी कुठली, कोणी कापली, कशी कापली, असे प्रश्न निघाले. शिवाय आजच्या भट्टीत नानाजींच्या भजनाची नानकटाई होती. माळकरी माणसाच्या घासाशेजारी हे कसं भाजायचं, अशीही त्यांना अडचण होती. खरं तर माझ्याहून त्यांनाच नानाजींची जास्त काळजी. मी सर्वधर्मसमभाव, भारतीय रेल्वेचं एकच इंजिन आणि अनेक डबे, असं बरंच बोललो. एवढ्यात त्यांच्या मोबाइलवर प्रेरणाचा फोन आला. जलालभाई कोपऱ्यात जाऊन बोलले, दोनदा हसले, आणि येऊन म्हणाले, "ठेवा परात. होऊन जाते. संध्याकाळी आपला भट्टीवरला मोईन ऑटोनं घरपोच टाकीन."

माणसाला पटवायचं असेल तर भाषा हवी, असं मी घरी जाताना मनाशी म्हणालो.

संध्याकाळी अंगण भरलं. नयनराव सूट घालून आले होते आणि घाम पुसत होते. राखीनं आमच्या घराचा नवा रंग पाहून, गावाच्या मानानं बरा आहे, असं प्रमाणपत्र दिलं. साडेसातला मोईनचा ऑटो आला. मी डबा स्वतः उचलून आणला, मधल्या टेबलावर ठेवला, सर्वांना जवळ बोलावलं आणि चार शब्द बोललो. पुण्यात जे पाहुणचाराला होतं ते आमच्याकडे रोजचं, असा त्यांचा आशय होता. मग मी झाकण उघडलं.

आत नानकटाई होती. वर एकेक बदामाचा काप लावलेली, पिवळीधमक, काठोकाठ.

राखीनं एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि तोडली. "सॉसेज बरंच आत गुंडाळलंय वाटतं, भाऊजी," ती म्हणाली. नयनराव खोकल्याच्या निमित्तानं फाटकापर्यंत जाऊन आले. पंचवीस वर्षांच्या संसारात मेहुणीपुढे इतका उघडा कधी पडलो नव्हतो.

मी आत जाऊन जलालभाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, की चूक होणंच शक्य नाही, मोईननं डब्यावरचं नाव वाचून माल पोचवला. मी बाहेर येऊन डबा फिरवून पाहिला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: श्री. वसंतराव गुल्हाने यांजकडून सप्रेम भेट. डबा माझ्या नावाचा होता, पण माझा नव्हता. नानाजींच्या वास्तुशांतीला मीच तो दिला होता.

आणि मी भट्टीवर नेलेला डबा? तो आमच्या लग्नातला. नानाजींनी दिलेला. त्यावर नानाजींचं नाव.

आपल्याकडे भांड्यावर मालकाचं नाव कधीच नसतं, देणाऱ्याचं असतं. ज्या घरात जितकी भांडी, तितकी परकी नावं. हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. मोईनला माहीत नव्हतं, आणि त्याला दोष कसा द्यायचा? त्यानं नीट वाचून, ज्याच्या नावाचा डबा त्याच्या दारात ठेवला.

म्हणजे या घटकेला कोंबडीच्या सगळ्या कांड्या मागच्या गल्लीत, भजनी मंडळाच्या मधोमध होत्या.

राखी, सॉसेज, इभ्रत, सगळं बाजूला पडलं. वडिलांच्या उशाशी बसलेले नानाजी दिसले आणि त्यांच्या गळ्यातली माळ दिसली. मी चपला न घालताच निघालो. मागून राखी, नयनराव आणि प्रेरणा निघाले, त्यांच्यामागे रामीबाई, आणि आमच्या अंगणात कोणीच उरलं नाही असं पाहून बाकीचेही निघाले. मी चालता चालता प्रेरणाला कांड्यांचं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "खाऊ द्या नं त्याहिले. तुम्ही कायले धावून राह्यले?" बाईचं काळीज इतकं कठोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

नानाजींच्या ओसरीवर भजन संपलं होतं. टाळ खाली ठेवलेले, चहाचे कप रिकामे, आणि मधोमध आमच्या लग्नातला डबा. त्याच्या तळाशी थोडा चुरा होता. मंडळ तृप्त दिसत होतं. नानाजींच्या हातात शेवटची कांडी होती, अर्धी खाल्लेली, आणि मिशीला खारीचे पापुद्रे लागले होते.

"ये गुल्हाने, बस," ते म्हणाले. "जलालनं यावेळी नानकटाईच्या जागी काय चीज पाठवली, काही इचारू नको. मी पाच खाल्ल्या."

राखीनं मागून माझा सदरा ओढला आणि कानात कुजबुजली, "बोलू नका भाऊजी. पोटात गेलं ते गेलं, त्यांना काय कळणार आहे?"

खरं सांगतो, मला मोह झाला. गप्प बसलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं. नानाजी समाधानानं झोपले असते, मीही हळूहळू झोपायला शिकलो असतो. पण ते आपल्या शेजारची जागा हातानं झटकून मला बस म्हणत होते. जो माणूस माझ्या बापाशी कधी खोटं बोलला नाही, त्याच्याशेजारी बसून मला खोटं गिळता येईना.

"नानाजी, डबे बदलले," मी म्हणालो. "ते माझ्या घरचं होतं. त्यात कोंबडी आहे. मी तुमचा गुन्हेगार आहे, काय शिक्षा द्यायची ते द्या."

पेटीवाल्याचा हात पेटीवर पडला आणि एक लांब सूर निघाला. तबलजी उठून सरळ मोरीकडे गेले. नानाजींच्या बायको भागीरथाबाई आतून आल्या, डब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तुळशीवृंदावनातलं पाणी आणायला वळल्या. नानाजी मात्र तसेच बसून होते. हातातल्या अर्ध्या कांडीकडे ते एकटक पाहत होते. मला वाटलं, म्हातारा आतून मोडला. मला रडू येईल असं झालं.

तेव्हा प्रेरणा पुढे आली.

"कोंबडी नाही जी त्यात," ती म्हणाली. "नागपूरचा माल सडला होता, म्या तो खड्डा खणून पुरला. कुत्रं बी त्याले तोंड लावत नव्हतं. याहिचं मन मोडू नाही म्हणून सोयाबीनच्या वड्या वाटून, बेसन घालून, घरीच कांड्या वळल्या. जलालभाऊले फोनवर सांगतलं होतं मी, म्हणून तं त्याहिनं भट्टीत घेतल्या."

ओसरीनं सुटकेचा श्वास टाकला. तबलजी मोरीतून तोंड पुसत परतले. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच परत गेला, कारण माझ्या शेजारी राखी उभी होती. आमच्या घरी नेहमी होणारा पदार्थ, प्रेरणाचा हातखंडा, नागपूरचं सॉसेज, माझं टेबलाजवळचं भाषण, हे सगळं आता सोयाबीनच्या भावानं निघणार होतं. तिनं तोंड उघडलंही. मी मान खाली घालून तयार राहिलो.

पण बोलले नानाजी. अर्धी कांडी नाकाजवळ नेऊन त्यांनी एकदा हुंगली, खाली ठेवली, आणि मोठं कोडं सुटल्यासारखी मान हलवली.

"तरीच," ते म्हणाले. "मी पहिल्याच घासाले म्हटलं, कोंबडी अशी नाही लागत. कोंबडीचा रेशा येगळा राह्यते, दाताखाली सुटते तो. हे भुसभुशीत काहून लागून राह्यलं, म्हणून तं पाच खाऊन पाह्यल्या."

पेटीचा भाता मिटता मिटता अर्ध्यात थांबला. नानाजींच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गडबडीनं मिशी पुसली आणि सांगितलं, की ही माळ घालायच्या आधीची, फार जुनी गोष्ट आहे.

तुळशीचं पाणी घेऊन भागीरथाबाई दारात उभ्या होत्या.

"माळ तं तुम्हाले माह्या सासरेबुवानं सातवीत घातली," त्या म्हणाल्या. "आन् दर महिन्याले पेन्शनच्या कामाले नागपूरले कायले जाता, थे सांगा मले आता."

राखीच्या तोंडून "बाई वं!" असं निघालं. पुण्याला गेल्यापासून पहिल्यांदाच. त्यानंतर त्या संध्याकाळी सॉसेजबद्दल, सोयाबीनबद्दल किंवा माझ्याबद्दल कोणीही एक शब्द काढला नाही. मी नानाजींनी झटकून ठेवलेल्या जागेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, कारण दुसरं कोणीच बसायला तयार नव्हतं.